हरकत असल्यास आताच सांगावे

११ मार्च २०२५

प्रिय हेमांगी,

प्रभूची शांती तुझ्या घरात असो आणि सुरतेच्या दवाखान्यातल्या त्या तुझ्या वॉर्डातही असो, तिथे तिची जास्त गरज असेल.

माझा आणि आईचा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून टाकलास. धीरजचा चालू ठेवलास, पण उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. विसरवाडीच्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या माणसाने मला दोनदा विचारलं, कुरिअर करायचंय का. नाही म्हटलं, मुलीला लिहायचंय. तेव्हा कुठे त्याने खण उघडला.

आधी एक सांगतो. मी रागावलेलो नाही. मी थक्क झालोय. लग्नाच्या सूचनेतलं ते वाक्य, "कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे," मी माझ्या स्वतःच्या लग्नापासून ऐकत आलो. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार सूचना वाचतात, तीनदा ते वाक्य येतं. एसटीत 'धूम्रपान करू नये' लिहिलेलं असतं, तसंच हे, असं मी धरून चाललो होतो. परवा पाळकसाहेबांनी धीरज आणि मयूरीची पहिली सूचना वाचली, सवयीने न थांबता पुढच्या गीताचा नंबर सांगायला निघाले, आणि बायकांच्या बाजूने आवाज आला, "माझी हरकत आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. पुस्तकात पुढे काय वाचायचं ते दिलेलं नव्हतं. आणि तू उभीच. धीरजची सख्खी बहीण. "दोघांनी सिकलसेलची रक्ततपासणी केलेली नाही. ती झाल्याशिवाय लग्न लावू नका." सगळी मंडळी मागे वळून बघत होती आणि मी, तुझा बाप, मनात म्हणत होतो, अरे, या वाक्याला उत्तरही देता येतं तर.

नंतर अंगणात जे झालं ते मात्र मला सोडत नाही. आई म्हणाली, देवाने जोडी जमवली, तो काय रक्त न बघता जमवेल? तपासणी म्हणजे त्याच्यावर शंका. आणि तू म्हणालीस, "आई, हा भरोसा नाही. तू घाबरतेस." त्यानंतर आई आत गेली, तू बॅग उचललीस आणि जेवायलाही न थांबता विसरवाडीला जाऊन बस धरलीस.

मास्तरकीत एक खोड लागते. पोराने प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर झोप लागत नाही. भरोसा आणि भीती बाहेरून सारखेच दिसतात का? मी तरी तुझ्या आईकडे बघून कधी ओळखू शकलो नाही, इतकी वर्षं संसार करून.

आता कामाचं. मंडळीची कमिटी बसली. त्यांनी ठरवलं की ज्याने हरकत घेतली त्यानेच चर्चमध्ये उभं राहून ती मागे घ्यायची, तोवर दुसरी सूचना वाचायची नाही. म्हणजे लग्न तुझ्या हातात आहे. मयूरीची आई जसोदाबाई निरोपावर निरोप पाठवतेय, आमची पोर काय किडकं बियाणं आहे का म्हणून. धीरज जेवायला बसतो आणि भाकरी मोडून तशीच ठेवतो. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. आहे ते असं आहे.

माझा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. उद्या विसरवाडीला सरकारी दवाखान्यात दाखवून येतो.

तुझे बाबा

२० मार्च २०२५

प्रिय हेमांगी,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

आमच्याकडे उपवासकाळातल्या संध्याकाळच्या प्रार्थना सुरू आहेत. तू पेटवलेला विषय मी गावभर घेऊन फिरतोय. ज्याला त्याला विचारतो, तुला कशाची भीती वाटते? लोक आता मला लांबून पाहून रस्ता बदलतात. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, गुरुजी, आपण यावर प्रार्थना करू. खरं सांगू का, त्यांना सध्या एकाच गोष्टीची भीती आहे, ती म्हणजे जसोदाबाई.

विसरवाडीच्या फाट्यावर बेबीबाईची चहाची टपरी आहे, आठवते ना? दवाखान्यातून येताना तिथे बसलो होतो. मागे एक ट्रक थेट तिच्या टपरीत घुसला होता. मी विचारलं, बेबीबाई, भीती नाही वाटत हायवेच्या कडेला?

ती म्हणाली, "काय गुरुजी, भेव लागीसन काय करू? मी देवले सांगी दिन्हं, आते तूच देख."

"आणि मग?"

"मंग काय, टपरी मांगे सरकाई लिन्ही."

मी म्हटलं, देवावर सोपवलं तर मग मागे कशाला सरकवली? ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी येडपटासारखं विचारलंय असं तिचं तोंड झालं. "गुरुजी, तुमना चहा थंडा व्हई ऱ्हायना," एवढंच बोलली. चहा खरंच थंड झाला होता.

काल प्रार्थनेत बायबलमधला बागेचा भाग वाचला. प्रभूला शिपायांनी धरलं त्या रात्रीचा. तो वाचताना मला पहिल्यांदाच दिसलं की प्रभू घाबरला होता. घामाघूम झाला होता. हे टाळता येईल का, असं त्याने पित्याला सरळ विचारलं, आणि सोबत्यांना सांगितलं, जागे राहा, मला एकटं सोडू नका. मग उठला आणि पुढे गेला. इतक्या वेळा वाचलंय मी हे. आपण घाबरलो तर लगेच म्हणतो, माझा विश्वास कमी पडला. त्याने तर असं काही म्हटल्याचं दिसत नाही. तुला काय वाटतं?

गुडघ्याला गोळ्या दिल्या आहेत. बोटातून थोडं रक्तही घेतलं. बाकी ठीक.

एक सहज विचारायचं होतं. सिकलसेलचा जो नुसता वाहक असतो, ज्याला स्वतःला आजार नाही, त्याला म्हातारपणी काही त्रास होतो का? शेजारच्या एकासाठी विचारतोय.

तुझे बाबा

१ एप्रिल २०२५

प्रिय हेमांगी,

तू धीरजला पाठवलेला मेसेज त्याने मला वाचून दाखवला. "बाबांना सांग, गुडघा बोटातून रक्त घेऊन तपासत नाहीत. आणि शेजारच्याला त्रास होणार नाही, त्याने काळजी करू नये." धीरज हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मीही लाज न बाळगता हसून घेतलं.

तर हो. शेजारचा तो मीच. मी वाहक आहे.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीत शहाद्याची एक तरुण पोरगी असते. तिने सरळ सांगितलं, "गुरुजी, तुम्ही वाहक शेत. घाबरानं काही काम नही." मी म्हटलं, घाबरत नाही, पण बघता येईल का? तिला वाटलं कागद मागतोय. मी म्हटलं, रक्त. तिने खूप आढेवेढे घेतले, मग रक्ताच्या थेंबात काहीतरी मिसळून काच यंत्राखाली ठेवली आणि थोड्या वेळाने मला डोळा लावू दिला. हेमांगी, त्यातल्या कितीतरी पेशी वाकलेल्या होत्या. विळ्यासारख्या. माझ्या स्वतःच्या अंगात जन्मभर हे विळे दडून आहेत आणि मला पत्ता नाही. भीती वाटायला हवी होती ना? मला म्हणावंसं वाटत होतं, थांब, अजून जरा बघू दे.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुला माहीत असेलच. ज्यांच्यात हे अर्धंच असतं त्यांना हिवताप सहसा जिवावर बेतत नाही. म्हणून तर ते आपल्या जंगलपट्टीत इतकं आहे. म्हणजे या रक्तामुळे माझा आजा जगला असेल, पणजा जगला असेल, आणि त्यांच्यामुळे मी. घरी येईपर्यंत मी याच विचारात होतो. जे जगवतं तेच मारतंही. देवाचं हे काय गणित आहे? मला ते सुटलेलं नाही. पण त्याच्याकडे बघायची भीती कमी झाली, एवढं खरं.

मी धीरजला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो मोटारसायकल काढून दवाखान्यात गेला. तोही वाहक. त्याने मयूरीला फोन केला, आणि ती पोरगी कोणाला न सांगता एकटी जाऊन रक्त देऊन आली. तीही वाहक.

म्हणजे दोघांचं मूल आजारी निघू शकतं, तुझी हरकत खरी होती.

आईला अजून काही माहीत नाही. आणि का सांगितलं नाही, ते तुला वेगळं सांगायला नको. हेमराज.

हे नाव मी लिहून बघितलं. आपल्या घरात ते कोणी उच्चारत नाही. तुझ्या पाठचा भाऊ, धीरजच्या आधीचा. थंडी पडली की त्याची बोटं सुजायची, हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे. आम्ही कधी कावीळ म्हटलं, कधी वात. झाडपाला झाला, प्रार्थना झाल्या, आणि आठव्या वर्षी तो गेला. तेव्हा ही तपासणी आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्या पोरीला मी नाव न सांगता त्याची लक्षणं सांगितली. ती म्हणाली, तसं असेल तर पोराची आईही वाहक असणार.

तू बारा वर्षांची होतीस. त्याला कडेवर घेऊन फिरायचीस. तू नर्स का झालीस हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि त्या रविवारी चर्चमध्ये तू कोणासाठी उभी राहिलीस तेही आता विचारत नाही.

तुझे बाबा

९ एप्रिल २०२५

प्रिय हेमांगी,

आईला सांगितलं.

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, ती हाताने पसरत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. माझं, धीरजचं, मयूरीचं, आणि शेवटी हेमराजचं. तिचा हात फुलांवर तसाच राहिला. मग ती आपल्या बोलीत म्हणाली, मी मराठीत लिहितो, त्यात त्याची धार येत नाही: "म्हणजे मीच दिलं त्याला."

मी म्हटलं, अर्धं मी.

"माझ्या दुधातून."

मी म्हटलं, नाही, दुधातून नाही जात. जन्माच्या आधीच असतं ते. पण तिने ऐकलं नाही. आणि मग बोलायला लागली. हेमांगी, धीरज शेळीच्या दुधावर वाढला, तुला आठवतं? आईला दूध येत नाही असं आपण सगळे धरून चाललो होतो. येत होतं. ती पिळून टाकत होती, चुलीमागे, कोणी नसताना. एक मूल आपल्या दुधाने गेलं, दुसरं जाऊ द्यायचं नाही म्हणून. मला सांगितलं नाही, पाळकाला नाही, तिच्या आईला नाही. रक्त तपासलं की तेच बाहेर येणार, आपल्याच अंगात विष होतं असं कोणीतरी कागदावर लिहून देणार, एवढ्यासाठी ती "देवावर भरोसा आहे" म्हणत राहिली.

मला फार वाईट वाटलं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन, मला एवढंही कळू नये.

सगळं कळल्यावर तिने दुसरं टोक गाठलं. लग्न मोडा. आजच्या आज मोडा. कालपर्यंत जी रक्त बघू देत नव्हती, ती आता मयूरीचं तोंड बघायला तयार नव्हती.

मोडायचं ठरवायच्या आतच मयूरी आणि जसोदाबाई दारात. जसोदाबाईने आल्या आल्या सांगितलं, मी चौकशी केलीय, चारातलं एक मूल आजारी निघतं, तर यांनी तीनच करावीत, संपला विषय. मी मास्तर ना, राहवेना. म्हटलं, वहिनी, तसं नसतं, दर वेळी नव्याने चारातली एक शक्यता, पहिलंच मूलही तसं निघू शकतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू गणित मीच बिघडवलंय.

मयूरी आईसमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मावशी, मला खूप भीती वाटते. रक्त दिलं त्या दिवसापासून वाटते. त्याआधी मी रोज म्हणायचे, प्रभू, तुझ्यावर सोडलं. पण काय सोडलं ते मला माहीतच नव्हतं. आता माहीत आहे. आता म्हणताना तोंडातून शब्द निघत नाही, आणि तरी म्हणते."

आईने तिला जा म्हटलं नाही. चहा केला.

परवा आम्ही चौघं नंदुरबारला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी, आई, आणि ती दोघं. डॉक्टर समजावून सांगत होते आणि आईने मध्येच विचारलं, "दुधातून जातं का?" ते म्हणाले, नाही. त्यांनी पुढचं बोलायला सुरुवात केली. ती पुन्हा म्हणाली, "पाजलेल्या दुधातून?" तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "नाही आई. दुधातून कधीच जात नाही. तुमचं दूध चांगलं होतं." मग तिने विचारलं, माझा मुलगा आता असता तर वाचला असता का? ते म्हणाले, आता औषधं आहेत, तशी पुष्कळ मुलं मोठी होतात, शाळेत जातात, कदाचित वाचला असता. आई म्हणाली, बरं.

येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. नवापूर फाटा गेला तरी जागी झाली नाही. मी आपला खिडकीबाहेर बघत रडत होतो, कोणी बघत नव्हतं म्हणून.

तुझे बाबा

१६ एप्रिल २०२५

प्रिय हेमांगी,

हे शेवटचं पत्र. यापुढे तू आलीस तर बोलू, नाही आलीस तर तुला आणखी छळणार नाही.

ती दोघं लग्न करायचं म्हणतात. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं, दोनदा बोलावून सांगितलं. मुलांचं काय करायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. कधी म्हणतात, एखादं अनाथ लेकरू घरी आणू. कधी म्हणतात, डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करत जाऊ आणि जे येईल ते हातात घेऊ. मला तर दोन्ही ऐकून भीती वाटते. मी त्यांना तसं सांगितलंही. धीरज म्हणाला, बाबा, आम्हालाही वाटते.

मी त्यांना अडवलं नाही. अडवायला हवं होतं का? तुझ्याइतकं मला कळत नाही. मी फक्त एवढं पाहिलं की दोघं रोज संध्याकाळी प्रार्थनेला शेजारी बसतात, आणि त्यांचं तोंड निश्चिंत माणसांसारखं नसतं.

काल बायकांच्या प्रार्थनेत तुझी आई उभी राहिली. मी बाहेर ओट्यावर होतो, खिडकी उघडी होती. ती म्हणाली, "प्रभू, मला हेमराजसाठी भीती वाटायची. आता धीरजच्या लेकरांसाठी वाटते. तू ती काढून घे, आणि काढायची नसेल तर माझ्याबरोबर बस." इतकंच. मग कोणीतरी गीत सुरू केलं. इतक्या वर्षांत, घरात काय नि चर्चमध्ये काय, तिच्या तोंडून हेमराजचं नाव पहिल्यांदा आलं. घरी येताना रस्त्यात ती स्वतःच सांगत राहिली, त्याला ताकातली भाजी कशी आवडायची आणि तो तुला ताई न म्हणता नुसतं हेमा म्हणायचा म्हणून ती त्याला कशी रागवायची.

आता तुझं. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी, सत्तावीस तारखेला, कमिटीने पुन्हा तोच विषय ठेवलाय. पाळकसाहेब मंडळीसमोर तुला विचारणार, हरकत आहे की नाही. तू आली नाहीस तर ती तशीच राहील आणि ही दोघं थांबतील. कोर्टात जाऊन लग्न करा असं त्यांना चार जणांनी सुचवलं. मयूरी नाही म्हणाली. ताईंनी सगळ्यांसमोर विचारलंय, तर उत्तरही सगळ्यांसमोर द्यायचं, असं तिचं म्हणणं. तिला जे विचारायचं ते तू विचार, मंडळीसमोर विचार, ती उभी राहणार आहे.

हरकत मागे घे, असं सांगायला मी हे लिहीत नाही. सगळं ऐकल्यावरही तुझ्या मनाला पटलं नाही तर तसं सांग. जसोदाबाई काय म्हणेल ते म्हणेल, तिला मी बघतो. पण हे पत्रातून, मेसेजातून सांगू नकोस. ये.

मी हे आईसमोर बसून लिहितोय. ती म्हणते, हेमाला लिही, पुढून तिसऱ्या सतरंजीवर माझ्या शेजारी तुझी जागा ठेवते. नाव पुकारल्यावर तू उठशील तेव्हा तीही तुझ्याबरोबर उठणार आहे.

तू काय बोलणार, हे तिने मला विचारलं नाही.

तुझे बाबा